आकडा आधी पोराला दाखवा

धान निघालं की सौंदडच्या रिकाम्या बांधीत पोरं खेळायला उतरतात. कबड्डी, खो-खो, धावणं. खो-खोत पळणारा गडी किती मिनिटं, किती सेकंद टिकला यावर त्याचं मोल ठरतं. सर ते वहीत टिपतात आणि वही पिशवीत जाते. "सर, माझा टाइम किती?" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "तू नुसता पळ." अरे, धाप त्याला लागली ना? मग आकडा त्याचाच.

म्हणे आकडा कळला की पोरं खचतात. खचतात ना, सगळ्यांसमोर आकडे मोठ्यानं वाचले की. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर क्रमवारी टाकली की. शेवटचं नाव ज्याचं, त्याला दुसऱ्या दिवशी मैदानावर यावंसंही वाटत नाही.

आकडा अर्धाच दाखवणंही वाईट. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या १५ वर्षांच्या प्रणव धनावडेनं शालेय सामन्यात ३२७ चेंडूंत नाबाद १००९ धावा केल्या. पराक्रम मोठाच, यात वाद नाही. पण समोरचा संघ ३१ आणि ५२ धावांत गारद झाला होता, तेही त्याच दमात सांगायला हवं होतं. जगानं १००९ तेवढं उचललं आणि कोवळ्या खांद्यावर ठेवलं. पुढं धावा आटल्या आणि २०१७ मध्ये मुंबई क्रिकेट संघटनेची महिना १० हजारांची शिष्यवृत्ती वडिलांनी स्वतःहून बंद करायला सांगितली. आकडा कुणासमोर, कसल्या मैदानावर निघाला हे पोराला समजावून सांगणं, प्रशिक्षकाचं खरं काम तेच.

आपल्याकडची कितीतरी पोरं-पोरी पुढं पोलीस भरतीला उतरतात. पोरांना १६०० मीटरला २० गुण, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. तिथलं घड्याळ कुणाची समजूत काढत नाही. स्वतःचा टाइम पहिल्यांदा त्या मैदानावर कळणं हा त्या लेकरांवर अन्याय आहे, आणि तो आपण करतो.

म्हणून सर, वही पोराच्याच हाती द्या. तारीख, टाइम, समोर कोण होतं, त्या दिवशी ताप होता का, सगळं त्यानंच लिहावं. ज्याचं पान त्यानंच पाहावं. बापानं मागितलं तर आधी पोराला विचारा. दहाच्या आतल्या चिल्ल्यापिल्ल्यांना मात्र वही नको, त्यांना अंधार पडेस्तोवर खेळू द्या.