सगळं बांधलंत, ‘ळ’ तेवढा राहिला

प्रति,
‘लिनक्स व्हर्जन’चे अनामिक शिल्पकार,


उस्मानपुऱ्यात, संत एकनाथ रंगमंदिरापासून जवळच माझं डीटीपीचं दुकान आहे. नाटकांची हँडबिलं, लग्नपत्रिका, कधी वाढदिवसाचे फ्लेक्स. तीन मशीन, तिन्हींवर उबुंटू 22.04. ‘कुठल्याही लिनक्सवर चालतं, इन्स्टॉल करायची गरजच नाही’ ही तुमची जाहिरात वाचून मी भारावलो आणि तुमच्या पेज लेआउटच्या सॉफ्टवेअरची अ‍ॅपइमेज उतरवून घेतली. गरज खरंच पडली नाही. ती उघडलीच नाही.

प्रॉपर्टीजमध्ये जाऊन फाइलला चालायची परवानगी दिली. डबल क्लिक. शांतता. पुन्हा क्लिक. एरर नाही, खिडकी नाही, हूं नाही की चूं नाही. टर्मिनलमधून हाक मारली तेव्हा बाईसाहेबांनी तोंड उघडलं: लिबफ्यूज 2 हवी. उबुंटू 22.04 सोबत फ्यूज 3 देतं, जुनी लायब्ररी वेगळी टाकावी लागते. हे डाउनलोडच्या बटणाखाली एका ओळीत लिहायला तुमच्या कीबोर्डची कळ झिजली असती?

असो, टाकली. प्रोग्रॅम उघडला, दिसायला देखणा, खोटं कशाला बोलू! समोर नाटकवाले बसलेले, संध्याकाळी प्रयोग. आयबसवर मराठी फोनेटिक लावलं, वरच्या पट्टीत भाषा बदललेली दिसली, आणि ‘वेळ’ हा शब्द टाइप केला. कागदावर रोमन अक्षरांची रांग! शेजारच्या खिडकीत, साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये, तोच शब्द ‘ळ’सकट उमटतोय. क्यूटी नावाची अख्खी लायब्ररी तुम्ही गाठोड्यात कोंबलीत, पण आयबसशी बोलणारा तिचा चिमुकला प्लगइन बाहेर राहिला. नाटकवाल्यांनी विचारलं, “नाटक इंग्रजीत करू का आता?”

तक्रार कळवली. ‘सुधारित’ फाइल आली. तिला जीलिबसी 2.38 हवी, माझ्याकडे 2.35. म्हणजे नवा लॅपटॉप घेतलात तर! अभिनंदन. पण नव्या सिस्टिमवर बांधलेला प्रोग्रॅम जुन्या जीलिबसीवर चालेलच असं नसतं. म्हणून तर अ‍ॅपइमेजवाले सांगतात की अजून चालू असलेल्या सर्वांत जुन्या सिस्टिमवर बांधा. सायमन पीटर यांनी 2004 मध्ये ‘क्लिक’ या नावानं हा उद्योग सुरू केला. इतक्या वर्षांत हा सल्ला तुमच्या कानापर्यंत पोचायला हरकत नव्हती.

तुमची अडचण मला कळत नाही असं नाही. डेबवाल्यांचं वेगळं, आरपीएमवाल्यांचं वेगळं, त्यात स्नॅप, फ्लॅटपॅक. एकट्यानं किती दारांत डबा पोचवायचा? म्हणून एकच डबा, मान्य. पण ‘सगळं आत आहे’ अशी चिठ्ठी लावायच्या आधी झाकण उघडून बघायचं असतं.

हँडबिल शेवटी एपीटीतून टाकलेल्या इंकस्केपमध्ये झालं, प्रयोगाच्या तासभर आधी. पुढची फाइल बांधाल तेव्हा एक जुनं मशीन घ्या, त्यावर मराठी लावा आणि ‘ळ’ टाइप करून बघा. उमटला तर कळवा, मी अजून 22.04 वरच आहे.

आपला,
एक डीटीपीवाला, उस्मानपुरा