घरच्या घरी टीव्ही गेम करा: जासईकरांसाठी प्राथमिक धडे

आधी माळ्यावर चढा. जुन्या गाद्या आणि गणपतीचं मखर बाजूला सारलंत की मागे नव्वदच्या दशकातला व्हिडिओ गेम सापडेल. लिटल मास्टर असेल, नाहीतर नावच नसलेला असेल. खोक्यावर काहीही छापलेलं असो, आत निन्टेंडोने 1983 साली जपानात आणलेल्या फॅमिकॉमची नक्कल आहे. नाहीच सापडला, तरी मेसेन किंवा एफसीईयूएक्स हे एम्युलेटर लॅपटॉपवर फुकट चालतात.

काय चाललंय ते घरात सांगू नका. ‘गेम खेळतोय’ हे एकवेळ खपतं. ‘गेम बनवतोय, तोही चाळीस वर्षांपूर्वीच्या डब्यासाठी’ असं म्हणालात, तर जमिनीचे पैसे कुठे चालले याची चौकशी सुरू होईल.

विषय शोधायला लांब जायची गरज नाही. राजकन्या, कासवं, मशरूम हे सगळं जपान्यांनी करून ठेवलंय. आपला गेम असा: स्कूटीवरची मुलगी जासईहून दास्तान फाट्याला निघालीय आणि मध्ये कंटेनरचे ट्रेलर. जेएनपीटी बंदर 1989 मध्ये सुरू झालं, तेव्हापासून या विषयाचा अभ्यास गावात घरोघरी झालेला आहे.

आता जागावाटप. यंत्राची कामाची मेमरी दोन किलोबाइट, म्हणजे 2,048 बाइट. त्यातले पहिले 256 बाइट सर्वांत मोक्याचे, कारण प्रोसेसर तिथे सगळ्यात लवकर पोचतो. या भागाला झीरो पेज म्हणतात. आता 2,048 मधले 256 म्हणजे किती टक्के? बरोबर साडेबारा! दुसरीकडच्या नवशिक्याला इथे आकृती काढून समजवावं लागतं. जमीन संपादनाविरुद्धचं 1984 चं आंदोलन पाहिलेल्या, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के परताव्यासाठी झगडलेल्या गावाला या आकड्याची किंमत कोणी शिकवू नये. स्कूटी कुठे आहे, वेग किती, कोणतं बटण दाबलंय, एवढंच या प्लॉटवर बसवा. लागूनचे 256 बाइट स्टॅकचे. तिथे बांधकाम करायला गेलात तर गेम कधी कोसळेल याचा नेम नाही.

प्रोग्रॅम लिहायला सीसी65 घ्या, फुकट आहे. सी भाषेतही लिहिता येतं, पण पुरुषार्थ दाखवायचाच तर असेंब्ली. प्रोसेसर 6502 च्या घराण्यातला, त्याला बेरीज-वजाबाकी येते, गुणाकार-भागाकार येत नाही. पाढे तुम्हीच तक्ता करून द्यायचे. शिवाय एका बाइटमध्ये 255 च्या पुढचा आकडा मावत नाही. ‘ट्रॅफिकमध्ये गेलेली मिनिटं’ एका बाइटात मोजलीत, तर सव्वाचार तासांनंतरच्या मिनिटाला घड्याळ पुन्हा शून्य दाखवतं. दोन बाइट द्या. पावसाळ्याची लेव्हल करणार असाल तर द्याच.

खरी गंमत चित्रांत आहे. हलणारी चित्रं आठ बाय आठ ठिपक्यांच्या तुकड्यांची, त्यांना स्प्राइट म्हणतात. पडद्यावर एका वेळी 64 स्प्राइट, पण एका आडव्या ओळीत फक्त आठ. नववा दिसतच नाही. आता चाळीस फुटी कंटेनरचा ट्रेलर काढा. आठ तुकडे रुंद धरला की अख्खी ओळ त्यानेच खाल्ली. मागचा ट्रेलर गायब! उरण रस्त्यावर असा चमत्कार आजवर कोणाला करता आलेला नाही. जुन्या गेममध्ये गर्दी झाली की माणसं लुकलुकायची ती याच नियमामुळे. ओळीत जास्त झाले की दर फ्रेमला वेगळ्यांना वगळायचं, अशी युक्ती प्रोग्रॅमर करत.

आपल्याला ती लागत नाही. जासईचा ट्रेलर हलतो कुठे? त्याला स्प्राइट करूच नका, पार्श्वभूमीत टाका. रस्ता, खांब, वडापावची गाडी यांच्याबरोबर. पार्श्वभूमीला आठची मर्यादा नाही. चार तुकड्यांची स्कूटी तेवढी स्प्राइट ठेवा आणि दोन ट्रेलरांच्या फटीतून काढा. एकच पथ्य: पार्श्वभूमीत सोळा बाय सोळाच्या चौकोनाला रंगांचा एकच संच मिळतो, सामाईक रंग धरून चार. निळ्या कंटेनरला तांबडा खेटवताना हद्द या चौकोनांवर पाडा. नाहीतर निळ्याच्या शेपटीला तांबडा रंग चढतो.

संगीत हळदीचंच हवं. फॅमिट्रॅकर उघडा, दोन पल्स चॅनेलवर बेंजो वाजवा, नॉइजवर ताशा, त्रिकोणी चॅनेलवर खर्ज. त्रिकोणी चॅनेलचा आवाज कमी-जास्त करता येत नाही. चालू नाहीतर बंद. हळदीच्या रात्री कमी करा म्हणून सांगायला गेलेल्यांना याचं नवल वाटणार नाही.

एक खबरदारी. सेकंदाला 60 फ्रेम धरून बनवलेला गेम आपल्याकडच्या पाल टीव्हीसाठीच्या नकली यंत्रावर 50 ने चालतो. म्हणजे सगळंच सहाव्या हिश्शाने मंदावतं. एम्युलेटरवर पळणारी स्कूटी टीव्हीवर रखडली तर यंत्राला शिव्या देऊ नका.

शेवटी कॅसेट. लॅमिंग्टन रोडवरून पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या दोन ईप्रॉम चिप आणा: प्रोग्रॅमला 32 किलोबाइटची, चित्रांना 8 ची. त्यांत गेम लिहून घ्या. जुनी कॅसेट खोला. आत पायवाल्या चिप असतील तर त्या काढून नव्या बसवा. पिनांची जुळणी आधी तपासा, एकदोन तारा फिरवाव्या लागतात. आत नुसता काळा थेंब दिसला तर स्क्रू परत लावा आणि दुसरी कॅसेट शोधा. बाकी अडवणारं कुणी नाही. अमेरिकेतल्या मूळ यंत्रात परवान्याशिवायची कॅसेट रोखणारी कुलूपचिप होती; आपल्या नकली डब्याला कुलूपच नाही.

पहिला खेळ पुतण्याला द्या. तो पाच मिनिटांत दास्तान फाटा गाठेल आणि विचारेल, ‘काका, पुढची लेव्हल?’ त्याला सांगा, 40 किलोबाइट संपले. गव्हाण फाट्याला जायचं तर मॅपरवाली, म्हणजे जास्त मेमरी जोडणारी, कॅसेट लागेल.