गोलाला पैलू नको

नानांच्या हातात कायम काहीतरी घासायला असतं. दिवसा हिरा, रात्री यान. कतारगामच्या एका कारखान्यात ते घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर, बसतात. सुरतेत हिरे घासणाऱ्याला रत्नकलाकार म्हणतात. या पदवीनं पगार वाढत नाही, नजर मात्र वाढते. डोळ्याला आयग्लास लावला की गोल हिऱ्याचे ५७ पैलू नानांना आपल्या नातेवाइकांसारखे दिसतात, म्हणजे कोण वाकडा आहे ते लगेच कळतं.

माणूस मूळचा जळगावकडचा. तापी जिकडं गेली तिकडं पोटामागं आला आणि नदी ओलांडून कोसाडला स्थिरावला. सोसायटीतले सौराष्ट्राकडचे शेजारी त्यांना ‘रॉकेटवाळा भाई’ म्हणतात. नाना दर वेळी दुरुस्ती करतात, ‘‘रॉकेट नाही, यान. तेसुद्धा न झालेलं.’’ समोरचा माणूस सहानुभूतीनं मान हलवतो. मंदीमुळं अडलं असावं, असा त्याचा समज होतो.

नाना ज्याची प्रतिकृती करतात, ते हे न झालेलं यान म्हणजे डिडेलस. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीच्या मंडळींनी १९७३ ते १९७८ अशी पाच वर्षं बसून ते कागदावर आखलं. लांबी १९० मीटर, वजन ५४,००० टन, त्यातलं ५०,००० टन नुसतं इंधन. इंधनाच्या चिमुकल्या गोळ्यांचे सेकंदाला २५० स्फोट करत, प्रकाशाच्या बारा टक्के वेगानं सहा प्रकाशवर्षांवरच्या बर्नार्डच्या ताऱ्याकडं जायचं. पोचायला पन्नासेक वर्षं. त्यासाठी लागणारं हेलियम-३ आधी गुरूच्या वातावरणातून काढून आणायचं. आणि एवढं करून यानाला थांबायची सोय नाही! ताऱ्याजवळून तसंच पुढं निघून जायचं. नानांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, हे अजून पटलेलं नाही. ‘‘इतक्या लांब गेल्यावर चहा तरी घ्यावा माणसानं,’’ असं त्यांचं मत. यानात माणूसच नाही, हे नानांनी त्यांना समजावून सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘शहाणा असेल, घरी थांबला असेल.’’

आता जी वस्तू कुणी बांधलीच नाही, तिच्या प्रतिकृतीत चूक कोण काढणार? नाना काढतात. ही एक जातच आहे. शिवनेरीचं मॉडेल करणाऱ्याला निदान गड चढून बुरूज मोजता येतो. न झालेल्या यानाचं मॉडेल करणारा माणूस आराखड्याच्या झेरॉक्सवर पट्टी ठेवून बसतो आणि अर्ध्या मिलिमीटरसाठी जेवण थंड करतो. ‘‘खऱ्यात हे असं नाही,’’ असं तो म्हणतो. खऱ्यात म्हणजे कुठं, हे त्याला विचारू नये.

नानांचा हा स्वभाव लहानपणीच उघड झाला होता. गल्लीतल्या दिवाळीच्या किल्ल्यात महादरवाज्यापेक्षा उंच मावळा पाहून त्यांनी तो उचलून बाजूला ठेवला. मग तोफ काढली, गवळण काढली, शेवटी खुद्द महाराजही मापात बसेनात. त्या वर्षी किल्ल्यावर फक्त अळीव उगवले होते.

यानाचे सुटे भाग मात्र अस्सल सुरतेत जन्मले. इथल्या दागिन्यांच्या धंद्यात अंगठ्या-पेंडंटचे साचे काढायला रेझिनचे थ्रीडी प्रिंटर असतात. अशाच एका कॅडवाल्या पोराला पटवून नानांनी आपल्या फायली त्याच्या पेंडंटच्या बाजूला घुसवल्या. एकाच ताटलीवर दोन गणपती, एक बदाम आणि डिडेलसचं इंजिन एकदम तयार झालं. प्रिंटरमधून निघालेलं रेझिन चिकट असतं. ते स्पिरिटमध्ये धुवायचं, मग अतिनील दिव्याखाली नाहीतर उन्हात पक्कं करायचं. ऊन ही गोष्ट कोसाडला फुकट मिळते. गच्चीवर पापडांच्या रांगेत रबरी हातमोजे घालून यानाच्या टाक्या मांडणारे नाना पाहून गावाकडून आलेल्या त्यांच्या आईनं विचारलं, ‘‘हाई काय शे?’’ आणि उत्तर ऐकायच्या आधीच पापड चार हात लांब सरकवले.

खरी गंमत त्या टाक्यांत आहे. डिडेलसला गोल टाक्या, पहिल्या टप्प्याच्या सहा आणि दुसऱ्याच्या चार. प्रिंटर थरावर थर चढवतो, त्यामुळं गोलावर बारीक वळ्या राहतात. त्या वॉटर पेपरनं पाण्यात घासून काढायच्या, कारण कोरडं घासलं तर धूळ थेट फुप्फुसात. आधी ४००चा कागद, मग ८००, मग १०००. पण ज्या हातांनी जन्मभर दगडाला सपाट पैलू पाडले, त्यांना गोल वस्तू गोल ठेवणं जमेना. नानांची बोटं आपोआप एका कोनात थांबत. पहिली टाकी प्रायमर मारून उजेडात धरली, तर तिच्यावर हिऱ्यासारखं टेबल होतं, क्राउन होता, खाली पॅव्हिलियनही उतरू लागलं होतं. कारखान्यात दाखवली असती तर शेठनं बोनस दिला असता. नानांनी ती पुट्टी भरून पुन्हा घासली, तेव्हा पैलू दुसरीकडं निघाले. शेवटी ते डाव्या हातानं घासू लागले. डावा हात अडाणी असल्यामुळं टाकी गोल झाली.

जोडकामाची तऱ्हा निराळी. रेझिनला प्लॅस्टिकच्या किटचा गोंद चालत नाही, फेविक्विक लागतं. फट राहिली तर तिच्यात खाण्याचा सोडा भरून वर फेविक्विकचा थेंब सोडायचा. फस्स करून धूर येतो आणि दगड तयार. या शोधानंतर वहिनींचं खमण फुगायचं थांबलं. डबा रिकामा कशानं होतो ते त्यांनी शोधून काढलं, आणि हल्ली सोडा देव्हाऱ्यामागं असतो.

रंगाला पावसाळा चालत नाही. दमट हवेत लॅकर मारला की त्यावर पांढुरकी साय धरते. हिवाळ्यात हवा कोरडी, तर ओल्या रंगावर सुताची तूस येऊन बसते. अख्ख्या शहराचं पोट कापडावर, तक्रार कुणाकडं करणार? उरते ती दिवाळीची सुट्टी. कारखाने बंद, निम्मी सोसायटी सौराष्ट्रात, हवा स्वच्छ. फक्त तेव्हा खालून पोरं खरी रॉकेटं सोडत असतात.

इतकं होऊन गेल्या वर्षी यान पुरं झालं. हजारास एक या मापानं १९ सेंटिमीटर. पाहुणे म्हणत, ‘‘वा, काय चकाकतंय!’’ नाना विचारत, ‘‘कुठल्या बाजूनं बघितलंत?’’ स्तुती करणारा माणूस घरी जाताना आपलंच काही चुकलं असं वाटून जाई.

मग गणेशोत्सवाचं मंडळ आलं. देखाव्यात यान ठेवू, त्यावर बाप्पांचा उंदीर बसवू, ही अध्यक्षांची कल्पना. नानांनी कागद ओढला. ‘‘उंदीर सहा इंची. म्हणजे खऱ्यात दीडशे मीटर. यान एकशे नव्वद. चालणार नाही.’’

‘‘नाना, देवाचं वाहन आहे. मोठं असणारच.’’

नाना गप्प झाले. मापाला श्रद्धेची सूट द्यावी की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढं पहिल्यांदाच आला असावा. मग कागदाची मागची बाजू पुढं आली. ‘‘शंभरास एक केलं, तर उंदीर पंधरा मीटर. ते विचार करण्यासारखं आहे. यान होईल एक मीटर नव्वद.’’ एवढं बोलून त्यांनी टेप काढला आणि खोली मापायला घेतली.

वहिनींनी चहाचे कप उचलता उचलता विचारलं, ‘‘पलंग आज काढायचा, का उद्या?’’