निंजांचे हितचिंतक

इगा गावात दोन प्रकारचे निंजा भेटतात. पहिले गुलाबी, जांभळ्या, पोपटी पोशाखातले. ते पर्यटक असतात आणि पोशाख भाड्याचे. दुसरे म्हणजे डोक्याला फिकट टोपी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत छत्री आणि झेरॉक्सचा गठ्ठा बाळगणारे, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. माझ्या ओळखीचे आजोबा हे या दुसऱ्या जातीतले. ते स्वतःला निंजा म्हणवून घेत नाहीत. ते निंजांचे हितचिंतक आहेत, आणि हितचिंतक माणूस किती छळू शकतो हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

इगा हे जपानच्या मिए प्रांतातलं, डोंगरांच्या कुशीतलं गाव. इथल्या स्टेशनाला २०१९ पासून ‘निंजा-शी’, म्हणजे निंजानगर, असं टोपणनाव आहे. गाडीच्या तोंडावर निंजाचे मोठाले डोळे रंगवलेत. चित्र लेइजी मात्सुमोतो या नावाजलेल्या मांगा-चित्रकाराचं. सगळे त्या गाडीसोबत फोटो काढतात. आजोबा काढत नाहीत. “टेहळणीला निघालेला माणूस इतके डोळे वटारेल का?” असं ते गाडीकडे बघून, पण आपल्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणतात.

त्यांचं लाडकं पालुपद म्हणजे “जित्सु वा...”, खरं सांगायचं तर. हे दोन शब्द आले की जवळपास बसायला बाक आहे का ते पाहून घ्यावं. खरं सांगायचं तर, निंजा काळे कपडे घालत नसत. ते नाटकवाल्यांनी आणि चित्रकारांनी चिकटवलं. मिट्ट काळा माणूस चांदण्यात उलट उठून दिसतो; गडद निळा बरा, नाहीतर मळकट तांबूस. खरं सांगायचं तर, चांदणीच्या आकाराची शुरिकेन कुणी मूठ मूठ उधळत नसे. लोखंड काय फुकट मिळत होतं? खरं सांगायचं तर, पाण्यावर चालायची ती गोल लाकडी पादत्राणं घालून कुणी खंदकात उतरलाच, तर तो चालणार नाही, बुडेल. मग खरे निंजा करायचे काय? वेश पालटून हिंडायचे. वेश सात: टोपली डोक्यावर पालथी घालून बासरी वाजवणारा भिक्षू, साधा भिक्षू, डोंगरात तप करणारा यामाबुशी, व्यापारी, डोंबारी, नाटकवाला आणि सातवा म्हणजे चारचौघांसारखा माणूस. “सातवा सगळ्यात अवघड,” असं म्हणून आजोबा टोपी सारखी करतात. वेश त्यांना फक्कड जमलाय, तोंड उघडेपर्यंत.

किल्ल्याच्या बागेतल्या निंजा संग्रहालयापाशी त्यांना पाहावं. प्लॅस्टिकची तलवार पाठीला बांधलेलं एखादं पोर येतं. आजोबा खाली वाकून त्याला समजावतात, की लढणं हे निंजाचं काम नव्हेच. जिवंत परत यायचं आणि पाहिलेलं जसंच्या तसं सांगायचं, हे काम. पोराचा चेहरा पडतो. आई वाकून वाकून आभार मानत काढता पाय घेऊ लागते. तेवढ्यात आजोबांचंच काळीज हलतं. ते पोराला शुरिकेन फेकायच्या जागी नेतात, स्वतःच्या खिशातून पैसे भरतात आणि कानात सांगतात, “इतिहासाच्या दृष्टीनं हे चूक आहे. पण मनगट असं ठेव.”

साधनेच्या बाबतीत मात्र ते पोथीनिष्ठ. मेणबत्तीच्या ज्योतीकडे एकटक पाहणं चालू असतं. फळीवर सुई टाकून तिचा आवाज ऐकणंही चालू असतं, आणि मग ती सुई शोधायला आजींना बोलवावं लागतं. श्वासाची एक जुनी रीत आहे: घ्या, सोडा, सोडा, घ्या, सोडा, घ्या, घ्या, सोडा. ती ते सुपरमार्केटच्या रांगेत करतात, त्यामुळे पुढचे लोक काळजीनं मागे वळून बघतात. हेम्पचं रोप लावून ते वाढेल तसं रोज त्यावरून उडी मारायची, असाही एक प्रसिद्ध पाठ आहे. आता ते रोप भांगेच्या कुळातलं. परसात लावलं तर पोलीस दारात. आजोबांनी भेंडी लावली. भेंडी गुडघ्याशी होती तोवर साधना छान चालली. मांडीपर्यंत आल्यावर गुडघ्यांनी नकार कळवला, आणि आजींनी पहिला तोडा उतरवला. निंजांनी लसूण वर्ज्य मानला, वासानं माग लागतो म्हणून. आजींच्या ग्योझांमध्ये लसूण असतो. त्या दिवशी आजोबा टेहळणीवर नसतात.

आजच्या निंजांविषयी त्यांचं मन दुखरं आहे. ‘शेवटचा निंजा’ म्हणून गाजलेले कावाकामी जिनइची हे पेशानं अभियंते. आजच्या जगात या विद्येला काम उरलेलं नाही, म्हणून वारस नेमणार नाही, असं त्यांनी जाहीरच केलंय. आजोबांना ते पटतं आणि सोसवत नाही. मिए विद्यापीठात २०१७ साली निंजा संशोधन केंद्र निघालं आणि २०२० मध्ये या विषयातला पहिला पदव्युत्तर विद्यार्थी बाहेर पडला. प्रवेशपरीक्षेला बसायचं आजोबांच्याही मनात होतं, “पास होऊन नोकरी कुठे करणार?” या आजींच्या प्रश्नावर ते राहिलं. आता ते विद्यापीठाच्या जाहीर व्याख्यानांना पहिल्या रांगेत बसतात आणि शेवटी उठून म्हणतात, “प्रश्न नाही, थोडी पुरवणी आहे.”

२०२० च्या ऑगस्टमध्ये संग्रहालयातून दीडशे किलोंची तिजोरी दहा लाखांहून अधिक येनांसकट चोरीला गेली, तीही जेमतेम तीन मिनिटांत. तेव्हा सगळं जग हसलं: निंजांच्या घरी चोरी! आजोबा काही दिवस गप्प होते. मग म्हणाले, “कटावणी वापरली. आवाज केला. शिक्षण नाही.”

मागे मी त्यांना शिवाजी महाराजांच्या बहिर्जी नाईकांबद्दल सांगितलं: वेषांतरं, सुरतेची टेहळणी, सगळं. जरा रंगवूनच सांगितलं. आजोबांनी ‘कातायाकी’ पुढे केली. ही इगाची बिस्किटं इतकी कडक, की फोडायला सोबत लाकडी हातोडी मिळते. एक घाव घालून ते म्हणाले, “पुरावा?”

“सभासदाची बखर.”

“कधीची?”

“१६९७ ची. सुरत १६६४ ची.”

“तेहेतीस वर्षांनी,” ते दुःखानं म्हणाले. दुसऱ्याच्या पुराव्याचं दुःख त्यांना फार लवकर होतं.

मग मीही पेटलो. निंजांचा तुमचा तो थोर ग्रंथ, बान्सेन्शूकाई, १६७६ चा ना? आणि सरदार नोबुनागानं इगा जाळलं १५८१ मध्ये. म्हणजे पंच्याण्णव वर्षं!

आजोबांनी दातांतून हवा आत ओढली. हातोडी खाली ठेवली. बराच वेळ हिशेब केला. मग पिशवीतून वही काढली, पेन्सिलीला टोक आहे ना ते पाहिलं आणि म्हणाले, “त्या नाईकांचं नाव जरा सावकाश सांगा.”