भिजत घातलेले नाझरसाहेब

मनुष्य सेवानिवृत्त झाला म्हणजे त्याच्या हातचा अधिकार जातो, परंतु अधिकाराची खोड जात नाही. आणि ज्या गृहस्थाने उभी हयात कचेरीत लोकांची कामे भिजत ठेवण्यात घालविली, त्याने घरी बसल्यावर बियाणे भिजत घालावयास आरंभ करावा, यात विस्मय वाटण्याजोगे काही नाही. वाशिमच्या कोणत्याही जुन्या वस्तीत मृगाच्या सुमारास फेरफटका मारावा; ओसरीवर वाट्यांची रांग मांडून, प्रत्येक वाटीला चिठ्ठी डकवून, घड्याळाकडे डोळे लावून बसलेला असा एखादा इसम दृष्टीस पडल्यावाचून राहात नाही. आमच्या आळीतल्या इसमास सर्वजण ‘नाझरसाहेब’ म्हणतात. ते नाझर होते की नाझराच्या हाताखाली होते, याची रुजुवात अद्याप कोणी केलेली नाही.

नाझरसाहेबांचे परस दोन खाटांएवढे, परंतु त्याचे दफ्तर एखाद्या परगण्यास शोभेल असे आहे. लाल बांधणीच्या वहीत ‘आवक’, ‘मुदत’, ‘जावक’, ‘प्रलंबित’ आणि ‘शेरा’ असे रकाने आखलेले असून भेंडीस एक रात्र, मेथीस काही घटका, कारल्यास चोवीस तास, अशी प्रत्येकाची मुदत तेथे मुक्रर आहे. कारल्याच्या बीविषयी त्यांचा अनुभव दांडगा. त्याचे कवच टणक. म्हणून टोकाशी किंचित खरवडल्याखेरीज ते पाणी चटकन आत घेत नाही. “हे बी म्हंजे जुना कारकून,” असे ते स्वानुभवाच्या निर्विकार स्वरात सांगतात. धण्यास ते वऱ्हाडी रीतीने ‘सांबाराचं बी’ म्हणतात आणि ते प्रथम वहाणेखाली हलके रगडून मगच भिजवितात. कारण अखंड धणा ही त्यांच्या मते सामाईक मिळकत असून तीत दोन सहहिस्सेदार नांदत असतात, सबब आधी वाटणी, मग पाणी.

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी; त्यामुळे येथील विद्वानास जुना आधार दिल्यावाचून साधे पाणीही ओतवत नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे आणि त्यात बी दहा दिवस दुधात भावित करण्याचा विधी सांगितला आहे, हे नाझरसाहेबांनी कोठेतरी वाचले, आणि त्याच सायंकाळी अर्धा शेर दुधाची मागणी स्वयंपाकघराकडे रवाना झाली. काकूंनी ती ‘चहास दूध पुरत नाही’ असा तोंडी शेरा मारून दप्तरी दाखल केली.

काकूंच्या खात्याशी झालेला दुसरा संघर्ष याहून गंभीर होता. एका रात्री नाझरसाहेबांनी निवडक बरबटीचे बी पितळी गंजात भिजत घालून तो गंज अनवधानाने चुलीजवळ ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण आटोपून, सुपारी कातरीत, ते पेरणीस सिद्ध झाले. गंज सापडला, परंतु तो घासून पालथा घातलेला होता.

“अवो, यातली बरबटी कुठं गेली?”

“आत्ताच तं दोन डाव उसळ खाल्ली तुमी! वरून लिंबू मांगलं!”

नाझरसाहेब क्षणभर स्तब्ध राहिले. मग त्यांनी वही उघडली आणि ‘जावक’ या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिले, ‘उदरी’. आणि शेऱ्यात, ‘चव उत्तम’.

परंतु या माणसाची खरी योग्यता मला रिसोडकडचा त्यांचा पुतण्या आला त्या दिवशी कळली. काकांची ओसरी पाहून त्या तरुणास स्फुरण चढले आणि सोयाबीनचे सबंध पोतेच रात्री हौदात टाकण्याचा आपला मनोदय त्याने प्रकट केला. नाझरसाहेब ताडकन उठले. सोयाबीनचे साल पातळ; ते पाणी अधाशासारखे पिते, फुगते, दाणा आतून चिरतो आणि अंकुराऐवजी कुजका वास येतो, हे त्यांनी त्यास चढ्या आवाजात ऐकविले. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून गुंडाळावेत, सावलीत ठेवून ओल टिकवावी, अंकुर मोजावेत. सत्तर निघाले तर बियाणे शिफारशीच्या मापाने पेरावे, कमी निघाले तर माप वाढवावे. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्यावाचून तिफणीस हात लावू नये. एवढे सांगताना त्यांनी एकही संस्कृत शब्द वापरला नाही. ज्याचे सारे आयुष्य भिजविण्यात गेले, त्यालाच कोणते भिजवू नये हे ठाऊक असावे, याचे मला फार कौतुक वाटले.

“आन् काकाजी, भेंडीचं दोन दिस राहू देलं तं काय होईन?” पुतण्याने विचारले.

“मरन ना बाप्पा! बियालेही दम घ्या लागते. पान्यात बुडून कोनी जगते का?”

हे ऐकून मला राहवले नाही. एका कचेरीत, जिचे नाव घेणे औचित्यास धरून नाही, माझ्या फेरफाराची दरखास्त पावणेदोन वर्षे बुडून होती, तेव्हा तिच्या दमाची चौकशी कोणी केली नव्हती, असे मी म्हणालो. नाझरसाहेब मुळीच रागावले नाहीत. “तुमच्या फेरफाराचं काय घेऊन बसले?” ते शांतपणे म्हणाले. “आपला वाशिम जिल्हा १९०५ साली मोडला, तो १ जुलै १९९८ ले निंगाला. त्र्याण्णव वर्सं भिजत होता! सरकारले परवडते. भेंडीले एकच रात परवडते.”

दुसऱ्या दिवशी पहाटे, रात्री सरी येऊन गेल्यावर, मी त्यांच्या परसात डोकावलो. भिजलेले बी कोरड्या मातीत गेले तर आलेला अंकुर तेथेच वाळतो, म्हणून ते मातीची ओल बोटाने तपासीत एकेक दाणा लावीत होते. ओसरीवर वाट्या रिकाम्या पालथ्या घातल्या होत्या. शेजारी वही उघडी पडली होती, आणि तिच्यातील ‘प्रलंबित’ हा रकाना साफ कोरा होता.