साडेतीस क्विंटलचा चष्मा

एचटीसी कंपनीचा ‘व्हाइव्ह’ हा आभासी वास्तवाचा, म्हणजे व्हीआरचा, हेडसेट २०१७ साली भारतात विक्रीला आला, तेव्हा त्याची किंमत होती ९२,९९० रुपये. त्याच वर्षी सोयाबीनचा हमीभाव बोनस धरून क्विंटलला ३,०५० रुपये होता. भागाकार करा: साडेतीस क्विंटल. धाराशिव जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचं चार-पाच एकरांचं अख्खं पीक, तेही सगळा माल हमीभावाने गेला तर. एवढं मोजूनही काम भागत नव्हतं, कारण सोबत तगडं ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक लागायचा. नंतर हेडसेट बरेच स्वस्त झाले, हे खरं. पण आजही भूम-परंड्याच्या बाजारपेठेत जाऊन एक मागून बघा.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. आभासी वास्तवाचा प्रत्येक खेळ साध्या संगणकावर, कीबोर्ड-माउसवर चालायलाच हवा, आणि तोही पहिल्या दिवसापासून.

हे जमतं का? कधीचंच जमलंय. आभासी जगात पात्र बनून फिरायचा आणि गप्पा मारायचा ‘व्हीआरचॅट’ हा खेळ फेब्रुवारी २०१७मध्ये ‘स्टीम’ या खेळांच्या ऑनलाइन दुकानात आला. नावातच व्हीआर असूनही तो हेडसेटशिवाय चालतो. माउस फिरवला की मान वळते. डब्ल्यू, ए, एस, डी या चार बटणांवर चालायचं. सी दाबलं की पात्र खाली बसतं, झेड दाबलं की पालथं पडतं. डाव्या क्लिकने वस्तू उचलायची, उजव्याने सोडायची. ‘फॅस्मोफोबिया’ २०२० साली आला. त्यात चार जण मिळून एका झपाटलेल्या घरात भूत शोधतात. एकाच्या डोळ्यांवर हेडसेट असतो, दुसऱ्याच्या हातात माउस, आणि दोघंही एकाच खोलीत सारखेच घाबरतात.

तुळजापूरच्या एका ऑनलाइन सेवा केंद्रात मी हे जवळून पाहिलं. दिवसभर तिथे पीक विमा, उत्पन्नाचे दाखले आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात. संध्याकाळी गर्दी ओसरली की मालकाचा भाचा त्याच संगणकावर व्हीआरचॅट खेळत बसतो. कीबोर्डवरची अर्धी अक्षरं झिजून गेलेली. पण सरकारी भरतीसाठी टायपिंग केलेल्या त्या बोटांना अक्षरं बघायची गरजच नव्हती. करंगळी डाव्या शिफ्टवर, तर्जनी ताणून एफ-५वर, आणि पडद्यावरच्या त्याच्या पात्राने दोन बोटं वर केली. समोरच्या परदेशी पात्राने, ज्याच्या हातात बहुधा खरे कंट्रोलर होते, तशीच दोन बोटं उंचावून उत्तर दिलं. मग व्ही दाबून माइक चालू केला आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीत गप्पा सुरू झाल्या. या पोराला कोणी सांगावं की तू त्या जगात नव्हतास?

सांगणारे आहेत. हेडसेट नसेल तर तो खरा अनुभवच नव्हे, असं बजावणारी एक जमात सगळीकडे भेटते. त्यांचं एक म्हणणं मी मान्य करतो. ‘हाफ-लाइफ: ॲलिक्स’ हा खेळ हातांसाठीच रचलेला आहे. मनगटाला झटका दिला की लांबची वस्तू उडत हातात येते, बंदुकीत गोळ्याही स्वतःच्या हातांनी भराव्या लागतात. ते सगळं एका बटणावर आणलं की मजेचा मोठा भाग जातो. खोलीचा आणि उंचीचा अंदाजही सपाट पडद्यावर तसा येत नाही. पण निम्मी मजा मिळणं आणि दारातूनच परत पाठवणं, यात फरक आहे की नाही? हा खेळ आला २३ मार्च २०२० रोजी, देशभर टाळेबंदी जाहीर झाली त्याच्या आदल्या दिवशी. लोक घरात कोंडलेले, हाताशी वेळच वेळ, आणि खेळ फक्त हेडसेटवाल्यांसाठी. पुढे चाहत्यांनीच कोड लिहून तो कीबोर्ड-माउसवर आणला. जे काम चाहते फुकटात करतात, ते कंपनीला पगारी माणसं ठेवून जमू नये?

तांत्रिक अडचणीचं कारण तर मुळीच ऐकून घेऊ नये. हेडसेटला दोन डोळ्यांसाठी दोन वेगवेगळी चित्रं लागतात, आणि व्हाइव्हसारख्या हेडसेटमध्ये ती सेकंदाला नव्वद वेळा बदलावी लागतात. नाहीतर डोकं गरगरतं, मळमळतं. साध्या पडद्याला एकच चित्र पुरतं, तेही बरंच सावकाश बदललं तरी चालतं. म्हणजे जड काम आधीच झालेलं असतं, उरलेलं हलकं असतं. राहतो तो फक्त बटणं ठरवण्याचा आणि पडद्यावरच्या सूचना वाचता येतील अशा मांडण्याचा कंटाळा.

आता आपल्या गावचं. आमच्या नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बंधारा आहे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, १६१३ सालचा. पावसाळ्यात नदी भरली की नर आणि मादी असे दोन धबधबे बंधाऱ्यावरून कोसळतात, आणि आत महालात माणूस कोरडा उभा राहतो. चारशे वर्षांपूर्वीचं हे डोकं बघून आजही थक्क व्हायला होतं. पण धबधबे वर्षभर नसतात. पाऊस रुसला तर त्या वर्षी दर्शनच नाही. किल्ल्यातला उपळी बुरूज तर पायऱ्या चढून गाठावा लागतो. गुडघे गेलेल्या आजीने, व्हीलचेअरवरच्या मुलाने तो कधी बघायचा? आभासी नळदुर्ग उभारावा तो यांच्यासाठी. आणि नेमकी हीच माणसं डोक्याला हेडसेट बांधून, हात हवेत फिरवत उभी राहू शकत नाहीत. त्यांना खुर्चीत बसून एका हाताने माउस फिरवता आला पाहिजे.

म्हणून उद्या कोणी नळदुर्गचा, परंड्याचा किंवा तेरचा आभासी फेरफटका तयार करायला निघाला, तर माझी विनंती आत्ताच ऐकून ठेवा. उद्घाटनाला पाहुण्यांच्या डोक्यावर चढवायला दोन हेडसेट घेऊन थांबू नका. चाळीस मुलांच्या वर्गात एक हेडसेट म्हणजे एकाने बघायचं आणि एकोणचाळीस जणांनी त्याच्याकडे बघत बसायचं. तासाभरात तो निम्म्या वर्गाच्या डोक्यावरूनही फिरत नाही, आणि एकदा पडून फुटला की कपाटात जातो. आधी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या जुन्या संगणकावर फेरफटका चालवून दाखवा. सूचना मराठीत द्या. निविदेत अट घाला: कीबोर्ड आणि माउसवर चालल्याशिवाय शेवटचं बिल निघणार नाही.