बॉनेटकाका

कोथरूडमध्ये सोसायटी तिथे एक बॉनेटकाका असतोच. गाडी चालवणारे वेगळे, रविवारी गाडी धुणारे वेगळे. हे गृहस्थ गाडीच्या पोटातच राहतात. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, उभी नोकरी पिंपरी-चिंचवडच्या टूलरूममध्ये झालेली, मुलगा परदेशात आणि पार्किंगमध्ये गेल्या शतकातली एक मारुती ८००. त्यांचं दर्शन बहुधा कमरेखालीच होतं. आपण ‘काय काका, बरं आहे ना?’ म्हणून विचारावं, तर बॉनेटखालून एक काळा हात बाहेर येतो आणि पाठोपाठ आवाज: ‘दहाचा पाना द्या.’

मारुती ८००ला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. १४ डिसेंबर १९८३ला पहिल्या गाडीची किल्ली इंदिरा गांधींनी हरपाल सिंग यांच्या हातात दिली, तेव्हापासून २०१४च्या जानेवारीत उत्पादन थांबेपर्यंत या गाडीने अख्ख्या मध्यमवर्गाला वाहून नेलं. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, जुन्या गाड्यांत सदतीसच्या आसपास हॉर्सपॉवर. तेवढ्यावर लोक टपावर गाद्या बांधून महाबळेश्वरला गेले. घाट लागला की एसी बंद करायचा आणि आजोबांना ‘जरा पुढे सरका’ म्हणायचं, एवढंच.

पण हे ‘एवढंच’ काकांच्या जिव्हारी लागलं. पसरणी घाटात मागून एका डंपरने हॉर्न दिला म्हणे. काकूंच्या मते तो डंपर नव्हता, दुधाचा टँकर होता, आणि नुसता हॉर्न देऊन थांबला नाही, पुढेही निघून गेला. वाईला मिसळ खाता खाता काकांनी जाहीर केलं, ‘इस्टीमचं इंजिन बसवायचं.’

१२९८ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, पंच्याऐंशी हॉर्सपॉवर. गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या घरात. काकांनी हा भागाकार लिफ्टमध्ये, जिन्यात, एकदा तर शेजारच्या दहाव्याच्या जेवणातही करून दाखवला. कुणीतरी भाबडेपणाने विचारलं, ‘त्यापेक्षा जिप्सीचं का नाही?’ काकांनी त्याच्याकडे अपार करुणेने पाहिलं. जिप्सीचं इंजिन लांबीत बसतं आणि मागची चाकं ढकलतं, ८००चं आडवं बसून पुढची ओढतं. हे ज्याला ठाऊक नाही त्याला काका त्यानंतर फक्त पाणी आलं का एवढंच विचारतात.

मग नाना पेठेतल्या चकरा आणि दर बुधवारी-रविवारी जुना बाजार. घेताना काकांनी नुसतं इंजिन घेतलं नाही. गिअरबॉक्स, दोन्ही ॲक्सल, ईसीएम आणि वायरिंगचं अख्खं जंजाळ एकाच कटिंगच्या गाडीतून उचललं. यात ते शहाणेच ठरले. अर्धं सामान एका गाडीचं आणि अर्धं दुसरीचं घेणाऱ्यांची आयुष्यं वायरींचे रंग जुळवण्यात गेली आहेत.

इथून पुढे गंमत सुरू होते. तीन सिलिंडरच्या जागी चार आले की ब्लॉक लांब होतो. म्हणून रेडिएटर सरकवायचा. आता जास्त उष्णता निघणार, म्हणजे रेडिएटरही मोठा हवा. जुनी माउंटिंग जुळत नाहीत, म्हणून नवी ब्रॅकेट कापून वेल्डिंग करायची. इंजेक्शनच्या इंजिनाला दाबाने पेट्रोल लागतं, म्हणून टाकीतला पंप आणि परतीची नळी. एवढं पळवायचं तर थांबवायलाही हवं, म्हणून ब्रेक. मोठे ब्रेक बारा इंची चाकात मावेनात, म्हणून चाकं. काकूंनी एकदा शांतपणे विचारलं, ‘अहो, इस्टीमच घेतली असती तर?’ काका त्या दिवशी जेवले नाहीत.

काकूंबद्दल वेगळं लिहायला हवं. फ्लायव्हीलची दातेरी रिंग तापवून बसवावी लागते. गरम झाली की ती फुगते, चटकन चढवायची, गार झाली की घट्ट आवळते. ऐन होळीला पुरणाचं पातेलं उतरवून ती रिंग शेगडीवर चढली, तेव्हा काकूंनी एवढंच विचारलं, ‘मंद आचेवर की मोठ्या?’ जुनं इंजिन तेव्हापासून त्यांच्या गॅलरीत आहे. त्यावर त्या वाळवण टाकतात. वॉचमन मात्र पार कामातून गेला. गेट उघडता उघडता तो लोकांना टॉर्क समजावून सांगतो.

आरटीओचं प्रकरण निराळं. आर. सी. बुकावर इंजिन नंबर असतो, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असतं, आणि परस्पर दुसरं इंजिन बसवलं तर विम्याचीही पंचाईत. काकांनी रीतसर अर्ज नेला. कारण म्हणून लिहिलं होतं, ‘मूळ इंजिन गाडीला पुरत नाही.’ खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. ‘गाडीला, का तुम्हाला?’ अर्ज अजून विचाराधीन आहे.

गाडी सुरू मात्र झाली. दसऱ्याला पार्किंगमध्ये पहिल्यांदा धडधडली तेव्हा तिसऱ्या मजल्यावरची बाळं जागी झाली आणि काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते धुराचं होतं असं ते सांगतात. परवानगी येईपर्यंत गाडी गेटबाहेर काढायची नाही हा त्यांचा स्वतःचा नियम, त्यामुळे ते पंच्याऐंशी हॉर्सपॉवर सध्या वॉचमनच्या खुर्चीपासून कचऱ्याच्या डब्यापर्यंत जातात आणि रिव्हर्समध्ये परत येतात. परवानगी आली तरी काकूंना जायचं आहे मंडईत, आणि लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळी सातला बैलगाडीलाही दुसरा गिअर मिळत नाही. पण हा हिशेब काकांपुढे मांडू नये.

परवाच्या वार्षिक सभेत विषय क्रमांक चार होता पार्किंगमधले ऑइलचे डाग. चेअरमन दंडाची रक्कम वाचायला उठले आणि तेवढ्यात वीज गेली. सोसायटीचा जनरेटर गेलं वर्षभर मेलेला. अंधारात काकांचा आवाज आला, ‘७९६ सीसीचं इंजिन रिकामं पडून आहे. फक्त एक अल्टरनेटर जोडायचा.’

ठराव मांडला गेला. अनुमोदनासाठी पहिला हात काकूंचा. त्यांना गॅलरी मोकळी हवी होती.